मनोबल सप्ताह

५ फेब्रुवारी २०२५

प्रति,
श्री. उकंडराव वायाळ,
मु. पो. अमडापूर, ता. चिखली

स. न. वि. वि.

आपल्या सुविद्य पत्नी कै. गोजरबाई यांचे आमच्या रुग्णालयात उपचारादरम्यान हृदयक्रिया बंद पडल्याने दुःखद निधन झाले. त्या वेळी कर्तव्यावर असलेली परिचारिका या नात्याने मी तीव्र दुःख व्यक्त करते. उपचारात कोणतीही कसूर झालेली नसून नियतीपुढे कोणाचेही चालत नाही, हे आपण जाणताच. संपूर्ण रुग्णालय परिवार आपल्या दुःखात सहभागी आहे.

आपल्या आप्तेष्टांनी समाजमाध्यमांवर टाकलेली वॉर्डातील चित्रफीत कृपया काढून घ्यावी, ही नम्र विनंती.

आपली नम्र,
समीक्षा सानप
स्टाफ नर्स


अमडापूर
११ फेब्रुवारी २०२५

सिस्टरबाई,

तुमचं पत्र आलं. पहिल्यांदा वाचलं तं वाटलं बँकेचं हाय.

सुविद्य पत्नी! माही बायको अंगठा लावत होती. तुमच्या दवाखान्यात भरती करताना तुमच्या कागदावर बी तिनं अंगठाच लावला. मेल्यावर माणूस चांगला होते असं ऐकलं होतं, पण मेल्यावर शिकते हे पहिल्यांदाच पाह्यलं.

अन् हे नियती कोण? कोणत्या पाळीले असते? मी तिले वार्डात कुठं पाह्यलं नाई. गोजराले पायाची सूज अन् ताप, एवढ्यासाठी आणलं होतं. रिक्षातून उतरून पायरी स्वतःच्या पायानं चढली. पायऱ्या लय उंच केल्या म्हणून तुमच्या मिस्त्रीले शिव्या बी देल्या. अन् दुसऱ्या दिवशी दुपारी तिची हृदयक्रिया बंद पडली. घड्याळाचा सेल संपावा तशी.

व्हिडिओ माह्या पुतण्यानं काढला. मले तो आवडला नाई. तुमच्या अंगावर जाऊन जाऊन ओरडणारे जे त्यात दिसतात, त्यातले अर्धे ती जिवंत असताना आमच्या घरी चहाले बी आले नाई. मरणाले मात्र सगळ्यायले गळा फुटला. पण ‘काढून घ्या’ म्हणणाऱ्या तुमी कोण?

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. चिखलीच्या स्टँडवर सारी नोकरी काढली. गाडी उशिरा असली तं उशिरा हाय, बंद पडली तं बंद पडली, असं भोंग्यावर सांगत होतो. लोक मायबहिणीवरून बोलायचे. पण ‘नियतीमुळे मेहकर गाडी रद्द’ असं कधी बोललो नाई.

तुमचा फोन बंद हाय. दवाखान्यात इचारलं तं म्हणे रजेवर. गाव तेवढं एका आयाबाईनं सांगतलं. हे पत्र तुमच्या बीबी गावाकडं जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरजवळ देऊन राह्यलो. माह्या हाताखालचा जुना पोरगा हाय, घरी आणून देईन. डाकेवर माहा भरवसा नाई, अन् तुमच्या दवाखान्यावर तं नाईच नाई.

एकच इचारतो. खाली नाव तुमचं हाय. हे पत्र तुमी लिहिलं का?

उकंडराव


बीबी
१४ फेब्रुवारी २०२५

उकंडराव काका,

नमस्कार. काका म्हणायचा मला हक्क नाही. पण दुसरं काय म्हणावं तेही कळत नाही.

ते पत्र मी लिहिलेलं नाही. आमचे व्यवस्थापक हरिओम साहेब ते छापून घेऊन आले आणि सही कुठं करायची तिथं बोट ठेवलं. मी सही केली. न वाचता केली असं म्हटलं असतं तर बरं दिसलं असतं, पण मी वाचून केली. ‘सुविद्य’ वाचताना मलाही लाज वाटली. तरी केली.

तुम्ही आमच्या दवाखान्याला हसता. मी आतून पाहिलंय, मला हसूही येत नाही. तुमचे लोक ओरडून गेले त्यानंतर आठवड्याभरात साहेबांनी आमच्यासाठी ‘मनोबल सप्ताह’ ठेवला. माझ्या कानात सांगितलं, “सिस्टर, खास तुमच्यासाठीच केलंय बरं का.” मोठा बॅनर लावला, ‘हसत राहा, सेवा करत राहा’. बाहेरून एक कोट घातलेले व्याख्याते आणले. त्यांनी प्रत्येकीच्या हातात एक फुगा आणि स्केचपेन दिलं. म्हणाले, मनातलं दुःख फुग्यावर लिहा आणि तीन म्हटलं की फोडा. सगळ्या जणी माझ्या फुग्याकडे बघत होत्या, मी काय लिहिते म्हणून. मी काहीच लिहिलं नाही, कोराच फोडला. टाळ्या वाजल्या. व्याख्याते म्हणाले, “बघा, किती हलकं वाटतंय!” मग मला गुलाब दिला, पुठ्ठ्याच्या चौकटीत उभं करून फोटो काढला. त्याच दुपारी त्याच साहेबांनी मला कारणे दाखवा नोटीस दिली. गुलाब हातातच होता.

माझ्यासोबतच्या पोरी त्याहून वरच्या. डबा उघडला की माझ्या टेबलावरचे डबे दुसऱ्या टेबलावर जायचे. जणू मला लागलेलं त्यांना लागेल. इन्चार्ज बेबीताई एवढंच म्हणाल्या, “ड्युटी करायची आहे ना? मग रडणं घरी.” त्याच बेबीताई फुगा फोडताना सगळ्यात जोरात हसल्या.

म्हणून मी घरी आले. फोन बंद केला, कारण तो व्हिडिओ मला माझ्याच मामेभावानं पाठवला, खाली हसणारी तोंडं टाकून.

नातेवाइकांशी काहीही बोलायचं नाही असं मला लेखी बजावलंय. त्यामुळे याहून जास्त मी लिहू शकत नाही. तुम्हाला माझी नोकरी घालवायची असेल तर घालवा. जेलात पाठवायचं असेल तर तसं करा. मी वकील लावणार नाही.

समीक्षा


अमडापूर
१८ फेब्रुवारी

सिस्टर,

फुग्याचं वाचलं. हासलो. बायको गेल्यापासून पहिल्यांदा हासलो, तेही असल्या गोठीवर. मग स्वतःचाच राग आला.

तुह्या साहेबाचा अन् त्या कोटवाल्याचा पाणउतारा तू चांगला केला. लिहिता येते तुले. पण दोन पानं भरली, अन् त्यात माही बायको कुठं हाय? फुगा हाय, गुलाब हाय, डबे हायत, बेबीताई हाय. गोजरा नाई. तुह्या साहेबानं तिले नियतीच्या मागं लपवलं, तू फुग्याच्या मागं लपवून राह्यली. दोघायत फरक काय?

जेल-बिल काय लावलं? तू जेलात गेली तं माह्या वावरात काय पिकणार हाय? तुले वाटते मले तुहं वाटोळं पाह्यचं हाय. मले त्याची बी उत्सुकता नाई, एवढी तू मोठी नाई.

मले हे पाह्यजे: मी बाहेर गेलो तवा ती उठून बसली होती. परत आलो तं पडदा लावला होता. मधात काय झालं? तिथं तू होती. दुसरं कोणी नव्हतं. हे मले डॉक्टरनं सांगतलं नाई, साहेबानं सांगतलं नाई. सगळे म्हणतात, ‘प्रयत्नांची शर्थ केली’. कायची शर्थ?

लेखी बजावलं म्हणते. मले बी कोणी लेखी देलं नव्हतं का ती संध्याकाळी घरी येणार नाई.

सांगायचं असन तं सांग. नसन तं पुन्हा लिहू नको.

उकंडराव


बीबी
२३ फेब्रुवारी

काका,

सांगते.

त्या दिवशी आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस होता. त्यासाठी आरोग्य शिबिर ठेवलं होतं आणि वॉर्डातल्या दोघींना तिकडे नेलं, बेबीताईंनाही. सगळ्या वॉर्डाला मी एकटी उरले. हे मी कारण म्हणून सांगत नाही. झालं ते सांगते.

डॉ. अविनाश सरांनी गोजरबाईंच्या कागदावर अँटिबायोटिकचं इंजेक्शन लिहिलं होतं. ते देण्याआधी कातडीवर थोडं टोचून थांबायचं असतं, अंग उठतं का ते बघायचं असतं. मी ते केलं नाही. माझ्यामागे सलाइन संपलेले दोन जण ओरडत होते.

मी सिरिंज घेऊन गेले तेव्हा त्या उठून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “बाई, हे कोणतं हाय? मले एका इंजेक्शनची बाधा होते. नाव याह्यले माहीत हाय.” मी विचारलं, कुठं गेलेत ते? म्हणाल्या, “चहा आणाले गेले. कोणीतरी जुना ड्रायव्हर भेटला असन, तिकडंच गोठी करत बसले असतीन. स्टँड सुटलं पण स्टँडची खोड सुटली नाई. येऊ दे त्याह्यले.”

काका, त्यांनी मला ‘येऊ दे’ म्हटलं होतं. मी म्हटलं, “आजी, डॉक्टरांनी लिहिलंय, काही होत नाही, हात सैल सोडा.” त्यांनी हात सैल सोडला.

मी पुढच्या खाटेवर गेले. त्यांनी हाक मारली, अंग खाजतंय म्हणाल्या. मी वळून बघितलं तर ओठ सुजलेले. धावत तातडीच्या औषधांच्या कपाटाशी गेले. त्याला कुलूप होतं आणि किल्ली बेबीताईंच्या कमरेला, शिबिरात. मी दगडानं कुलूप फोडलं. तोपर्यंत त्यांना श्वास घेता येत नव्हता. सर आले. इंजेक्शनं दिली, छाती दाबली. उशीर झाला होता. हृदयक्रिया शेवटी बंद पडली हे खरं. पण ती कशानं पडली ते मला माहीत आहे. त्यांनी माझा हात धरला होता. वेळ गेली तशी पकड सैल झाली. यापुढचं मला लिहिता येत नाही.

त्यांना दुसऱ्या कोणी नाही, मी मारलं. त्यांचं ऐकून पाच मिनिटं थांबले असते तर तुम्ही चहा घेऊन आला असता.

आता माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. आई जेव म्हणते. मला ताट दिसतं, पण हात उचलत नाही. घरचे मला विहिरीकडे एकटीला जाऊ देत नाहीत. त्यांना कळलंय बहुतेक. पण किती दिवस राखण करतील?

तुम्ही उत्तर लिहू नका. वाचायला मी असेन असं नाही.

समीक्षा


अमडापूर
२४ फेब्रुवारी, सकाळ

पोरी,

पत्र आत्ता मिळालं. दुपारच्या गाडीनं येऊन राह्यलो. ही चिठ्ठी त्याच्या आधीच्या गाडीनं पुढं पाठवतो. कंडक्टरले सांगतलं हाय, हातात देल्याशिवाय गाडी हलवायची नाई. दुसरी चिठ्ठी तुह्या बापाच्या नावानं हाय. त्यात मी सगळं खुलं लिहिलं, लपवून ठेवलं नाई.

मी येतो तोवर काही कराचं नाई. हे समजावणं नाई, मले समजावता येत नाई. तू माह्या बायकोची शेवटची गोठ ऐकलेली एकटी बाई हाय. तुले अजून लय इचारायचं बाकी हाय. माहं इचारून झाल्याशिवाय तुले कुठं जाता येणार नाई.

उकंडराव


बीबी
१० मार्च

ती. काकांस,
सा. न.

तुम्ही गेल्यापासून घरात रोज तुमचाच विषय आहे. बाबा अजून म्हणतात, “असा माणूस पाह्यला नाही. घरात येऊन एक गोड शब्द बोलला नाही, आणि पोरगी जेवली.”

त्या दिवशी तुम्ही वांग्यांची आणि कोथिंबिरीची पिशवी घेऊन ओट्यावर उभे राहिलात तेव्हा मला वाटलं, मारायलाच आलात. बाबांनी हात जोडले. तुम्ही म्हणालात, “इंद्रभानजी, हात खाली घ्या. मी माफ कराले नाई आलो.” आईनं पाणी दिलं. तुम्ही पाणी पिऊन मला म्हणालात, “ती खरं बोलली. ड्रायव्हरच भेटला होता. मी गोठीच करत होतो.”

तुम्ही मला ते सगळं पुन्हा तोंडानं सांगायला लावलंत, पहिल्यापासून. मी मधे रडले तर थांब म्हणाला नाहीत, उगी म्हणाला नाहीत. बसून राहिलात. मी अडले की विचारायचात, “मंग?” त्या फुगेवाल्याला हे ‘मंग’ येत नव्हतं, काका. आमच्या दवाखान्यात कोणालाच येत नाही. मला सगळ्यांनी ‘विसर’ सांगितलं. ‘मंग काय झालं’ असं एकानंही विचारलं नाही.

जेवताना तुम्ही तुमच्या डेपोतल्या प्रेमानंद ड्रायव्हरचं सांगितलंत. घाटात त्याच्या गाडीखाली माणूस आला, मग तो रोज डेपोतल्या लिंबाखाली बसायचा आणि बाकीचे त्याच्याकडे पाठ करून चहा प्यायचे. साहेबानं त्याला सुरक्षिततेवर भाषण दिलं. एक दिवस तो यायचा बंद झाला. पुढं कोणाला दिसला नाही. तुम्ही म्हणालात, “मेला एक, गेले दोन. अन् त्या पाठ करणाऱ्यायचा चहा काही कडू झाला नाई.”

दुसऱ्या दिवशी बुलढाण्याला अन्नपूर्णा मॅडमकडे तुम्ही आम्हाला नेलंत. दारातच म्हणालात, “ही मनाची डॉक्टर हाय. फुगा काढला तं लगेच उठून येजो.” मॅडमनं फुगा काढला नाही. गोळ्या दिल्या आहेत, दर पंधरवड्याला जाते. झोप लागते. विहिरीचं मनात येतं अजून, पण आता आईला सांगते.

आता नवीन. चौकशी लागली आहे. हरिओम साहेब गाडी घेऊन घरी आले होते. “टेस्ट केली नाही” एवढंच लिहून दे म्हणाले, किल्लीचं आणि शिबिराचं कशाला काढतेस, अनुभवाचा दाखला चांगला देऊ. आईनं त्यांना चहा दिला. मी म्हटलं, टेस्टचं लिहीन, बाकीचंही लिहीन. ते अर्धा कप ठेवून उठले.

तुम्हालाही बोलावलंय असं कळलं. तुम्ही तिथं काय म्हणावं हे मी सांगणार नाही.

समीक्षा


अमडापूर
२१ मार्च

पोरी,

तू बाहेर पडल्यावर मले आत बोलावलं. तू गेली होती म्हणून सांगतो.

मोठं टेबल, त्याच्यावर काजू-बिस्किटं. माणूस मेल्याची चौकशी अन् काजू! मधात बाहेरून आणलेले म्हातारे डॉक्टर भगवानराव, एका बाजूले हरिओम, दुसऱ्या बाजूले डॉक्टर अविनाश, मान खाली घालून. हरिओमनं मले खुर्ची देली, ‘काका’ म्हटलं अन् एक छापलेला कागद सरकवला. त्यात मी असं म्हणून राह्यलो होतो, का सिस्टरच्या निष्काळजीपणामुळं माही बायको गेली, दवाखान्याबद्दल माही तक्रार नाई.

मी म्हटलं, “अर्धं बराबर हाय. पोरीनं चूक केली. ते राहू द्या, खोडू नका. आता खाली लिहा: भरतीच्या दिवशी मी या अविनाश डॉक्टरले दारात उभं राहून सांगतलं का हिले त्या इंजेक्शनची बाधा होते. डॉक्टर मोबाइलकडं पाहून हो हो म्हणले. लिहा: औषधाची किल्ली वाढदिवसाले गेली होती. लिहा: दोन नर्सा बी वाढदिवसाले गेल्या होत्या. मंग सही करतो. मले सही येते, मी सुविद्य हाव.”

हरिओम म्हणे, “काका, तुम्ही तिला का वाचवताय? तिच्या हातून तुमची बायको गेली.”

मी म्हटलं, “हाव. तिनं मले तसं लिहून देलं. तुमी काय लिहून देलं? नियती.”

तो हासला, हा माणूस येडा हाय असं दाखवाले भगवानरावाकडं पाहून. भगवानराव हासले नाई. त्याह्यनं इचारलं, “डॉक्टर, यांनी तुम्हाला सांगितलं होतं?” अविनाश एकदम रडाले लागला, मोठा माणूस, सगळ्यायसमोर. म्हणे आठवते, कागदावर लिहायचं राहून गेलं. तेवढ्यात हरिओमनं आपली खुर्ची उचलून त्याच्यापासून हातभर दूर सरकवली. म्या पाह्यलं. अस्सल डेपो!

पाण्याचा ग्लास मीच सरकवला. प्रेमानं नाई. त्या डॉक्टरची मले किळस येते अजून. पण त्या हरिओमची जास्त आली.

पुढं काय होते ते होवो. तुले काही शिक्षा झाली तं मी भांडणार नाई. भोगजो.

उकंडराव


मेहकर
१८ ऑगस्ट

ती. काकांस,
सा. न.

निकाल तुम्हाला कळलाच असेल. डॉ. अविनाश सरांना आणि मला ताकीद. मला तिथं परत घेतलं नाही. हरिओम साहेबांना बढती. ‘संकट समर्थपणे हाताळल्याबद्दल.’ हे मी बनवून सांगत नाही, तिथल्या आयाबाईनं फोनवर वाचून दाखवलं. हो, फोन सुरू केलाय. तरी तुम्हाला पत्रच लिहावं वाटतं.

मी आता इथल्या एका लहान दवाखान्यात आहे. मुलाखतीत आधीच सगळं सांगितलं. बाकी दोन ठिकाणी चहा न देता वाटेला लावलं, इथं घेतलं. इथं पुष्पांजली नावाची नवीन मुलगी आहे. मागच्या आठवड्यात तिनं एका बाईला दुसऱ्या खाटेवरच्या पेशंटची गोळी दिली. बाईला चक्कर आली, रक्तदाब उतरला. सलाइन लावलं, रात्रभर लक्ष ठेवलं, बाई वाचली. पण सकाळी सगळ्यांचे चेहरे मी ओळखले. कोणीच तिच्याकडे बघत नव्हतं. एक जण म्हणाली, “बाई, आजकालच्या पोरी.” ती म्हणणारी माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे.

पुष्पांजली कपड्यांच्या खोलीत गाद्यांच्या मागे बसली होती. मी जाऊन शेजारी बसले. ती म्हणाली, ताई, मला काही सांगू नका. मी म्हटलं, मला काही सांगता येतच नाही, तूच सांग. तिनं सांगितलं. मी ‘मग?’ म्हणत गेले. मग म्हटलं, चल, त्या बाईच्या घरच्यांना आपण दोघी जाऊन सांगू. तिच्या सोबत आमच्या डॉक्टरांनाही ओढून नेलं. त्या बाईचा नवरा खूप बोलला. पुष्पांजलीचे आईबाप काढले. ती ऐकून घेत उभी राहिली, मी तिच्या शेजारी उभी राहिले. शेवटी तो म्हणाला, “आता तरी गोळी बघून द्याल ना?” ती म्हणाली, नाव विचारून देईन.

त्या रात्री तिला मी माझ्या खोलीवर नेलं. एकटीला सोडलं नाही. तिनं पोळी खाल्ली. मला वाटलं, तुम्हाला सांगावं. कौतुक करा म्हणून नाही.

गोजरबाईंची आठवण येत नाही असा दिवस नाही.

समीक्षा


अमडापूर
९ सप्टेंबर

पोरी,

कौतुक करत नाई. गाद्यायमागं बसलेल्या पोरीजवळ बसाले कोणती डिग्री लागते? ते कराले नर्सा मिळत नाई अन् फुगे फुगवाले माणसं मिळतात, एवढंच मले समजत नाई. त्या पोरीले मातर सांगजो, त्या बाईच्या नवऱ्याचं बोलणं उभं राहून ऐकलं ते बरं केलं.

तुह्या जुन्या दवाखान्याचा हरिओम इथं येऊन गेला. नवीन गाडी, सोबत फोटोवाला. या महिन्यात म्हणे रुग्ण सुरक्षा दिन असते. त्याह्यनं मोठा कार्यक्रम ठेवला, ‘क्षमेकडून विश्वासाकडे’. मी अन् तू, दोघायनं स्टेजवर याचं, मी तुह्या डोक्यावर हात ठेवायचा, खाली टाळ्या. मले शाल अन् नारळ, तुले सन्मानपत्र. ‘समाजात चांगला संदेश जाईल काका.’

मी इचारलं, “कपाटाची किल्ली आता कोठं असते?” म्हणे, “प्रक्रिया सुरू आहे.” मी म्हटलं, “मंग माही बी क्षमेची प्रक्रिया सुरूच हाय. झाली का कळवतो.” फोटोवाला हासला. त्याले चहा पाजला. हरिओमले नाई पाजला.

अन् हे तुले बी सांगून ठेवतो, म्हणजे तुह्या डोक्यात काही गोड भरू नये. मी तुले माफ केलं नाई. ते माह्या हातातलं नाई. जिच्या हातातलं होतं ती गेली. मले अजून राग येते. वावरात वांगे तोडता तोडता येते, मंग टोपलं तिथंच ठेवून बसून राहतो. तुह्या पत्रातली तिची बोली वाचतो, स्टँडची खोड सुटली नाई म्हणे. एवढं घरचं बोलणं तुले कोणी शिकवलं नसतं. ते तिचंच होतं. ते तू जपून आणून देलं.

पौषात तिचं वर्षश्राद्ध हाय. तू ये. जेवाले नाई बोलावून राह्यलो, वाढाले बोलावून राह्यलो. घरात बाया कमी हायत. सकाळच्याच गाडीनं ये, सैपाकाले हात लागीन. बापाले बी आण.

लोक तुले ओळखतीन, कुजबुजतीन. एखादी तोंडावर बी बोलीन. मी तिथंच असीन, पण मधात पडणार नाई. भाजी वाढताना कोणाच्या तोंडाकडं पाहू नको. पानाकडं पाह्य.

उकंडराव